चढावरचा गेअर

गेअरची सायकल दारात आली की माझं डोकं फिरतं. माझा नवरा जफर, त्याचं मारेगावात वणी रोडला सायकलचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून चाकात तारा ओवायचं काम माझ्याकडे. साध्या काळ्या सायकलशी माझं भांडण नाही. तिचं जे मोडेल ते आमच्या डब्यात असतं, नाहीतर वणीत मिळतं, आणि संध्याकाळी माणूस घंटी वाजवत घरी जातो. पण ही जाड टायरची, डोंगरात चालवायची सायकल! शहरातल्या लोकांनी हौसेनं घ्यायची, हौस फिटली की विकायची, आणि दहा हात फिरून ती आमच्या डोक्यावर येऊन बसायची. तिचा एखादा पार्ट मागवावा, तर नागपूरचा व्यापारी जो भाव सांगतो त्यात अख्खी नवी काळी सायकल येते, घंटीसकट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

त्यातली एक सायकल मात्र मला आवडायची. म्हणजे सायकल नाही, तिच्यावर बसणारा पोट्टा. त्याचं नाव बादल. तांड्यावरच्या खेमसिंगचा मोठा मुलगा. राजूरच्या कोळसा खाणीतल्या कुण्या साहेबाच्या पोराकडून त्यानं ती जुनी घेतली होती. दर बाजाराला यायचा, आमच्या कडुलिंबाला सायकल डाव्या अंगानं अलगद टेकवायचा आणि फडक्यानं पुसत बसायचा. मी म्हणायची, "अरे, सायकल हाय का नवी नवरी? किती लाड करशील!" तो हसायचा. "चाची, इच्यासारखी नवरी भेटली तं तुह्या पाया पडीन."

तांडा चढावर आहे. एसटी तिकडे जात नाही. बादल सांगायचा, "चढ लागला का मी गेअर पाडतो. टक, टक, टक. घरात याडीले आयकू जाते अन् ती तवा ठेवते. म्या हात धुवेपर्यंत भाकर तयार." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. हे तो इतक्या वेळा सांगायचा की एकदा मी म्हटलं, बाबा, आता तो तवाच विकत दे मला.

मग ते साल आलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली आणि फवारणीचं औषध पायांऐवजी तोंडावर पडू लागलं. रोज कुणाला ना कुणाला यवतमाळच्या दवाखान्यात नेत. बादल मजुरीनं दुसऱ्याच्या शेतात फवारायला गेला होता. संध्याकाळी म्हणाला, डोळ्याला दिसून नाही राह्यलं. तो तांड्यावर परत आला तो झाकूनच. नंतर बोंडअळी आली आणि जो कापूस राहिला होता तोही गेला.

त्या दिवसांत दुकानात कुणी यायचं, अमुक गेला म्हणायचं, आपण 'बरं' म्हणायचं. बरं काय त्यात? पण तोंडातून तेवढंच निघायचं. बादलचं कळलं तेव्हा मीही 'बरं' म्हणाले आणि चाकातली राहिलेली तार ओवली. रडू आलं नाही. त्याचा राग मला अजून येतो. पण सगळ्या मुलखाचंच तसं झालं होतं. बधिर, दात काढल्यावर गाल असतो तसं.

दुसऱ्या साली, पऱ्हाटीला पात्या, म्हणजे फुलाआधीच्या कळ्या, धरल्या होत्या तेव्हा, खेमसिंग दुकानात आला. बादलची सायकल खांद्यावर घेऊन. मागचं चाक फिरतच नव्हतं. चेन ज्यातून जाते तो मागचा गेअर तुटून तारांत घुसला होता.

"कसं झालं, खेमसिंगभाऊ?" जफरनं विचारलं.

खेमसिंगनं सायकल खाली ठेवली आणि चिठ्ठी वाचून दाखवावी तसं सांगितलं. त्याची मुलगी पुष्पा मारेगावला बारावीत आहे. रोज पायी यायची, पायी जायची. बादलची सायकल वर्षभर घरात तशीच उभी होती, त्याची आई जमनी कुणाला हात लावू द्यायची नाही. एक दिवस पोरीनं न विचारता काढली. येताना चढ लागला, भाऊ दाबायचा तसा तिनं अंगठ्याचा खटका दाबला आणि कडकन आवाज झाला.

"तवापासून तिची माय तिच्याशी बोलत नाही," खेमसिंग म्हणाला. "भाकर वाढते, पन बोलत नाही. एक शब्द नाही. पोट्टी म्हनते, मी कालेज सोडतो. जफरभाई, हे होतं तसं करून दे. मंग तरी बोलन ती."

जफरनं नागपूरला फोन लावला. भाव ऐकला आणि पाटीवर लिहिला. मी आतून बाहेर आले, पाटी पाहिली आणि माझा तोल गेला. "बाप्पा! ह्यात दोन दुभत्या बकऱ्या येतात! लोखंड हाय का चांदी?"

खेमसिंगनंही पाटी पाहिली. काही हललं नाही त्याच्या चेहऱ्यावर. "येऊ द्या," तो म्हणाला. "बादलच्या नावानं सरकारचे पैसे आले हायेत, भाभी. घरात कोनी त्याले हात लावत नाही. यासाठी लावू म्हनली त्याची माय." मी पदरानं पाटी पुसून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं मला.

आमच्या दुकानाचा एक कायदा आहे, सासऱ्यांपासूनचा. त्यांच्यावर एकदा कुणीतरी चांगला पार्ट काढून घेतल्याचा आळ घेतला होता. तेव्हापासून मोठं काम असलं की मालक समोर बसल्याशिवाय पाना लागत नाही. काय काढणार, काय ठेवणार, ते पोत्यावर मांडून दाखवायचं. मालक हो म्हणाला की हात घालायचा, आणि काढलेला माल कागदात बांधून त्याच्याच हातात द्यायचा. मोडका असला तरी.

तर सवयीनं जफर बोलून गेला, "याचा मालक कोन?"

बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं. खेमसिंग रस्त्याकडे पाहत राहिला. कोळशाचा ट्रक गेला, धूळ बसली.

"मालक," खेमसिंग म्हणाला, "आता त्याची मायच."

"मंग तिले घेऊन या," जफर म्हणाला. मला वाटलं, या माणसाच्या डोक्यात तोच पाना घालावा. कायदा म्हणे! पण तो कायदा मोडत नाही, आणि मी त्याला मोडायला लावू शकत नाही.

बाजाराच्या दिवशी जमनी आली. खेमसिंग पुढे, ती मध्ये आणि पुष्पा मागे, अंतर राखून. पोरगी इतकी वाळली होती की कॉलेजची ओढणी तिच्यावर वाळत घातल्यासारखी दिसत होती. मी चहा दिला. जमनीनं कप हातात धरला आणि तसाच धरून ठेवला, साय धरेपर्यंत.

जफरनं पोतं अंथरलं. सायकल उलटी केली, चाक काढलं, तुटलेला गेअर सोडवून पोत्यावर ठेवला. "हे जाईन," तो म्हणाला. "याच्यासंगं चेन जाईन. मागच्या चाकाच्या दातेरी चकऱ्याबी जातीन, नव्या चेनले जुन्या चकऱ्या चालत नाहीत." मग त्यानं हँडलवरच्या खटक्यावर हात ठेवला. "अन् हा."

जमनी म्हणाली, "हा काहून? हा तं चांगला हाय."

"चांगला हाय. पन तुमच्या बनावटीचा गेअर आता भेटत नाही, बाई. नवा येते तो येगळा. त्याले हा खटका चालत नाही, त्याचा त्याचाच लागते."

जमनी उठून जवळ आली. खटक्यावरचं काळं रबर एका जागी झिजून गुळगुळीत झालं होतं, अंगठ्याच्या मापाचं. तिनं बोट लावलं नाही, नुसतं पाहिलं. "मंग एवढा पैसा घालून त्याचं राह्यलं काय?"

"दांडी राह्यली," जफर म्हणाला. "सीट राह्यली."

मी मनात म्हटलं, आता तरी गप्प बस. पण माझा नवरा खोटं बोलत नाही आणि खरं अर्धं सोडत नाही, हा त्याचा मोठा दुर्गुण आहे. गेअर जिथं अडकवलेला असतो तो सांगाड्याचा पत्रा त्यानं उजेडाकडे धरला. "अन् हे पोट्टीनं नाही मोडलं. हा पत्रा आधीच आत वाकला होता. इथी पाहा, वाकल्या जागी जुना गंज हाय. वाकला असला का खटका दाबल्याबरोबर गेअर तारांत जाते. कोनीबी दाबला असता तरी गेला असता. उजव्या अंगानं भिंतीले टेकवली होती का? वरून वजन होतं काही?"

खेमसिंगनं मान खाली घातली. पुष्पाच घाईघाईनं बोलली, "नाही काका, म्याच जोरात दाबला. म्याच दाबला."

"वर्षभर होती," जमनी म्हणाली. ती पुष्पाकडे पाहत नव्हती, पत्र्याकडे पाहत होती. "म्याच टेकवली होती. वर गोधड्या ठेवल्या होत्या, धूळ नको बसाले म्हनून."

"साधी सायकल कशीबी टेकवा, चालते," जफर हळू म्हणाला. "इले उजवी बाजू चालत नाही. बादल नेहमी डावीकडून टेकवे."

जमनीनं मान हलवली, जणू भाजीचा भाव ऐकला. रडली नाही. मी त्याचीच वाट पाहत होते, ती रडली असती तर मला रडता आलं असतं. पण ती पोत्याजवळ बसली आणि विचारलं, "अन् हे काहीच नवं नाही बसवलं तं?"

"तं चेन कापून सीधी बसवतो. साध्या सायकलसारखी एकच चाल राहीन. चढावर उतरून ढकला लागन. खटका तिथंच राहू देतो, पन तार नाही राहीन त्याले. नुसता वाजन."

"तसंच कर."

खेमसिंग म्हणाला, "अवं, पैसे हायेत ना..."

"राहू दे ते पैसे."

जफरनं चेन कापली. एक एक जुना तुकडा तिच्या हातात दिला आणि तिनं माझ्याकडे. मी कागदात बांधून तिला परत दिला. तिनं ते पुडकं ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधलं. चाक बसलं, फिरलं. जफरनं सायकल सरळ केली आणि पुष्पापुढे धरली. पोरगी हात लावेना. आईकडे पाहत उभी.

जमनी हँडलजवळ गेली. तिनं अंगठा त्या झिजल्या जागी ठेवला. तिचा अंगठा लहान, ती जागा मोठी. दाबला. टक झालं. दुकानात सगळ्यांनी ऐकलं.

मग तिनं पुष्पाकडे मान वळवली. इतक्या दिवसांनी. घरच्या बोलीत नाही बोलली, ते बहुतेक अजून जमत नसेल. आमच्यासमोर, आमच्या बोलीत बोलली.

"कालेजात घेऊन जा. सोडू नको कालेज. पन चढावर हे दाबत नको जाऊ." ती थांबली. "आवाज नाही आला तरी मी तवा ठेवीन."

"नाही दाबत, याडी," पुष्पा म्हणाली.

पुष्पानं हँडल धरलं. तिघं निघाले, या वेळी जमनी आणि पुष्पा बरोबरीनं, मध्ये सायकल. जफर पोतं झटकून आत गेला आणि मी कडुलिंबाखाली बसून अर्धवट राहिलेलं चाक हातात घेतलं. तारा ओवत राहिले. चाक पुरं झालं तेव्हा फिरवून पाहिलं, तर सगळ्या तारा उलट्या अंगानं ओवल्या होत्या. मग त्या काढल्या आणि पहिल्यापासून ओवायला घेतल्या.