टेबलासमोरची खुर्ची

मित्रांनो, जुन्या वस्तूंना आपली कहाणी सांगण्याची खोड असते आणि ती सांगताना त्यांचा ऊर बहुधा अभिमानाने भरून येतो. माझा येत नाही. मी नांदेडातल्या एका सरकारी कचेरीतली लाकडी खुर्ची आहे. कचेरी कोणती ते विचारू नका. इतकी वर्षे सरकारी राहिल्यावर तेवढी सावधगिरी लाकडातही मुरते.

माझे लाकूड किनवटच्या जंगलातला साग. मला घडवले बिलोलीच्या वीरण्णा सुताराने. वीरण्णा निजामाची रयत म्हणून जन्मला होता. तो भारताचा नागरिक झाला त्या दिवशी माझ्या मागच्या पायांना रंधा मारीत होता. त्याने अर्ज केला नव्हता. त्याला कोणी शपथ दिली नाही, त्याच्या चारित्र्याची चौकशी शेजारीपाजारी झाली नाही. दुपारी त्याने भाकरी खाल्ली आणि पुन्हा रंधा हातात घेतला. मित्रांनो, तुम्हीही बहुतेक सगळे असेच, काही न करता नागरिक झालेले आहात. यात तुमचा दोष नाही. फक्त पुढची हकीकत ऐकताना एवढे ध्यानात असू द्या.

वीरण्णाने माझी बैठक वेताने विणली आणि मला दोन रुंद हात दिले. कचेरीत माझी नेमणूक भाऊसाहेबांच्या, म्हणजे कारकुनाच्या, टेबलासमोर झाली. येणाऱ्याला बसायला मिळावे, एवढेच माझे काम. पण या कचेरीची एक रीत होती, आणि ती मला फार लवकर शिकावी लागली. माझ्यावर सदैव कागदांचा एक गठ्ठा ठेवलेला असे. कंत्राटदार आला, गुत्तेदार आला, कोणाचा मेहुणा आला, की भाऊसाहेब गठ्ठा उचलत, खिशातल्या दस्तीने माझी बैठक झटकत आणि म्हणत, "बसा." इतरांसाठी गठ्ठा जागचा हलत नसे. कोणाला उभे राहा म्हणण्याची गरजच पडत नसे. माणसे माझ्याकडे पाहत, गठ्ठा पाहत, आणि आपली पायरी ओळखून उभी राहत. एवढ्या सभ्य रीतीने अपमान करण्याचे दुसरे साधन मी पाहिलेले नाही, आणि ते साधन मी होते.

बिलकीसला मी प्रथम पाहिले ते अशाच गठ्ठ्याखालून. तिचे आईवडील मूळ नांदेडचेच. फाळणीनंतर ते कराचीला गेले आणि बिलकीस तिकडे जन्मली. पुढे तिच्या मामांनी आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली. अशा रीतीने ती सून होऊन आईच्या गावी परत आली. तिचा नवरा नजीर पुस्तकबांधणीचे काम करी. तिच्याजवळ परदेशी पासपोर्ट होता आणि मुक्कामाची परवानगी फक्त नांदेडपुरती होती. नांदेडची हद्द ओलांडायची तर आधी या कचेरीत अर्ज, मग मंजुरी, मग परत आल्याची हजेरी. तिची नणंद अर्शिया लातूरकडे औसा तालुक्यात दिली होती. नणंदेच्या बाळंतपणासाठी मागितलेली मंजुरी हाती आली, त्या वेळी बाळ रांगत होते.

टेबलामागे तेव्हा हणमंतराव होते. मित्रांनो, तुम्हाला वाटेल ते दुष्ट होते. तसे असते तर माझी कहाणी सोपी झाली असती. ते पापभीरू गृहस्थ होते. कोणाकडून चहाही घेत नसत. बिलकीसला ते "बाई" म्हणत आणि ती त्यांना "भाऊसाहेब" म्हणे.

"बाई, मराठी येतं का तुम्हाला?" त्यांनी एकदा विचारले.

"येतंय की. न आल्यावर नळावर भांडावं कसं?"

हणमंतराव हसले. गठ्ठा हलला नाही.

मग त्र्याण्णव सालचा तो भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबादकडची गावेच्या गावे दगडमातीखाली गेली. सकाळी आमच्या कचेरीच्या आवारात मदतीचा ट्रक भरत होता. तिकडे नावनोंदणीचा तंबू टाकायचा म्हणून टेबले चढवली आणि मलाही चढवले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर गठ्ठा नव्हता. तेवढ्यात बिलकीस आली. पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"भाऊसाहेब, अर्शियाचं गाव... मंजुरीचा अर्ज आणलाय."

हणमंतराव ट्रकच्या फाळक्याला धरून उभे होते. त्यांची बहीणही तिकडेच दिलेली होती. ते म्हणाले, "अर्ज कसला घेऊन बसलात? तिथं बायकांना उचलायला बायका न्हाईत. चढा भाभी, वर चढा. परवानगीचं मी बघतो."

भाभी. मी ते स्वच्छ ऐकले. त्यांनीच हात देऊन तिला वर घेतले.

तिकडचे वर्णन मी करणार नाही. ते करणारे पुढे पुष्कळ निघाले. माझ्यापुरते सांगते. माझ्या हातांखालून दोन बांबू घालून बांधले आणि माझी डोली केली. दवाखान्याच्या तंबूपर्यंत गाडी जात नव्हती. बिलकीस आणि गावातल्या तीन बाया मला खांद्यावर घेत. कंबर मोडलेली लक्ष्मम्मा नावाची एक म्हातारी माझ्यावर बसवली होती. वेदनेने तिचे ओठ काळे पडले होते. तरी तिने विचारले, "तू कुणाची गं?"

"नांदेडची, अम्मा. नजीरची घरवाली."

"अन् माहेर?"

बिलकीस थोडी थांबली. "लांब हाय."

"लांब दिलं गं बापानं," म्हातारी म्हणाली, आणि मोडक्या कंबरेनिशी वाकून तिने बिलकीसच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या सगळ्या वर्षांत तिची एवढी एकच चौकशी अशी झाली, की जिच्या अखेरीस कोणी शेरा मारला नाही.

अर्शिया संध्याकाळी शाळेच्या मैदानात जिवंत सापडली. हात मोडला होता. तिलाही मीच वाहून नेले. तेवढे दिवस मी खुर्ची होते असे मला वाटते. परतताना माझा एक पाय चिरला. त्याला पत्र्याची पट्टी मारली. नांदेडला पोहोचल्यावर मला टेबलासमोर ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यावर गठ्ठा चढला. बिलकीस आली तेव्हा हणमंतराव म्हणाले, "या बाई."

पुढची वर्षे क्लासेसची होती. लातूरच्या निकालांचा डंका वाजू लागला. मग नांदेडातही गल्लोगल्ली डॉक्टर-इंजिनिअर घडवण्याचे कारखाने निघाले. ज्या मुलखाने नुकतीच दगडाखालून माणसे उपसली, तो आता गुण उपसू लागला. क्लासवाले सर कचेरीत आले की गठ्ठा चटकन उचलला जाई. नजीरच्या दुकानालाही बरे दिवस आले. रात्रंदिवस तो पोरांच्या नोट्स बांधी. हणमंतरावांची लेक मृण्मयी लातूरला वसतिगृहात राहून डॉक्टरकीची तयारी करू लागली.

याच सुमारास बिलकीसने नागरिकत्वाचा अर्ज केला. वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागली, की अमुक बाईला या देशाचे नागरिकत्व देण्यास कोणाची हरकत असल्यास कळवावे. मित्रांनो, असा प्रश्न तुमच्याविषयी उभ्या गावाला विचारला, तर किती हरकती येतील याचा विचार करून पाहा. तिच्याविषयी एकही आली नाही. घरी पोलीस शिपाई येऊन गेले, शेजाऱ्यांना विचारून गेले. जुने नागरिकत्व सोडल्याचा कागद मिळवायलाच तिला काही उन्हाळे लागले. तो देश तिला सोडून मोकळा झाला आणि हा अजून घेत नव्हता. मधल्या काळात ती कोणाचीच नव्हती. ती फक्त नजीरची घरवाली होती.

शेवटी सुनावणी लागली. साहेब होते आलोक. वय कोवळे, लातूरच्या क्लासमध्ये घडलेले, गुणवत्ता यादीतले. चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय त्यांच्या डोळ्यांत राहून गेली होती. सुनावणी हणमंतरावांच्या टेबलापाशीच झाली. साहेब त्यांच्या शेजारी बसले. बिलकीस उभी. मी तिच्यापासून हातभर अंतरावर, गठ्ठ्याखाली.

"या काळात कधी नांदेडबाहेर गेलात?"

"मंजुरी घेऊन गेले, साहेब."

"मंजुरीशिवाय?"

आता मित्रांनो, तिने "नाही" म्हटले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. साहेबांना काही ठाऊक नव्हते. पण तिचा चेहरा उजळला. आपल्या चारित्र्याची इतकी चौकशी झाली आणि सांगण्यासारखी एकच गोष्ट कोणी विचारली नाही, असे तिला वाटत असावे. तिने ती आपल्या बाजूचा पुरावा म्हणून सांगितली.

"एकदा गेले. भूकंपाच्या दिवशी. बायकांना उचलायला."

साहेबांचा पेन थांबला. "परवानगी कोणी दिली?"

बिलकीसने हणमंतरावांकडे पाहिले. ती हसत होती. आता ते सांगतील, मग साहेबही हसतील, अशी वाट पाहणारे हसू. हणमंतराव समोरचे कागद एकावर एक नीट लावीत होते. ते नीटच होते.

"साहेब," ते म्हणाले, "अर्जदारांनी तसा लेखी अर्ज दिल्याचं दप्तरी आढळत न्हाई."

वाक्य खरे होते. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तिच्या हातातला तो अर्ज त्यांनी घेतलाच नव्हता.

"कोणी तोंडी सांगितले होते का? नाव घ्या," साहेब म्हणाले. ते नियमाने चालणारे होते. नाव मिळाले असते तर त्यांनी तेही लिहिले असते.

बिलकीसचे हसू विझायला वेळ लागला. तिने एकदा हणमंतरावांच्या हातांकडे पाहिले. नंतर ती म्हणाली, "त्या दिवशी कोण कुणाला विचारत होतं, साहेब. मीच गेले."

साहेबांनी लिहिले. परवानगीविना हद्द ओलांडली. अर्ज अमान्य. पुन्हा करता येईल.

त्या क्षणी मी आडवी पडले असते, माझा चिरलेला पाय मोडला असता, तरी काहीतरी झाले असते. मी भक्कम उभी राहिले. वीरण्णाचे काम चोख होते.

दुसऱ्या दिवशी नजीर आला. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता.

"भाऊसाहेब, माझी घरवाली तुमच्या शब्दावर ट्रकात चढली."

"नजीरभाई, तुम्ही समजून घ्या. मृण्मयीचं डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष हाय. मागं चौकशी लागली तर लेकरू वाऱ्यावर पडंल."

"तिच्या नोट्स मीच बांधल्यात," नजीर म्हणाला. "पक्क्या बांधल्यात. सुटायच्या न्हाईत. लेकराला सांगा, बिनघोर अभ्यास कर म्हणावं."

तो निघून गेला. हणमंतरावांनी त्या दुपारी डबा उघडला, आणि तसाच बंद केला.

नवा अर्ज गेला. नवी जाहिरात निघाली, त्याच शेजाऱ्यांना तेच प्रश्न विचारले गेले. हणमंतरावांनी तो अर्ज एकाही टेबलावर अडू दिला नाही. एवढे मी त्यांच्या बाजूने सांगते, आणि याहून जास्त सांगत नाही. एकदा बिलकीस कागद द्यायला आली, तेव्हा ते उठले. त्यांनी माझ्यावरचा गठ्ठा उचलला. दस्तीने बैठक पुसली.

"बसा, भाभी."

"राहू द्या," ती म्हणाली. "उभं राहायची सवय लागलीय."

ती बसली नाही. मला त्या दिवशी जितकी लाज वाटली तितकी माझ्यावर गठ्ठे असताना कधी वाटली नव्हती. मी रिकामी होते, स्वच्छ होते, आणि तिला माझी गरज उरली नव्हती.

अखेर मंजुरी आली तेव्हा आलोक साहेब बदलून गेले होते. नवे साहेब हसतमुख होते. बिलकीसचे केस पांढरे झाले होते. तिने शपथ वाचली, एकही शब्द न अडखळता. प्रमाणपत्र हाती दिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिपायाने पेढे वाटले. नजीर दाराशी उभा होता.

ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"साहेब, उद्या औशाला जायचं होतं. नणंदेकडं. अर्ज कुणाकडं देऊ?"

सगळी कचेरी हसली. साहेब तर खुर्चीत मागे रेलून हसले. "अहो बाई, आता कसला अर्ज? तुम्ही आता आमच्यासारख्याच."

हणमंतराव हसले नव्हते. ते हळूच म्हणाले, "भाभी, आता काय विचारायचं न्हाई. खुशाल जावा."

"तसं तुम्ही तवाबी म्हणला होता, भाऊसाहेब," बिलकीस म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "या खेपेला लिहून द्या."

हसणे थांबले. साहेबांना काही कळले नाही, ते एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. हणमंतरावांनी कोरा कागद घेतला. अक्षर वळणदार काढले. सदर महिला भारताची नागरिक असून देशात कोठेही जाऊ शकते. खाली सही केली. त्या कागदाला कायद्यात काडीची किंमत नव्हती. बिलकीसने तो दोनदा वाचला, प्रमाणपत्राच्या वर ठेवला, आणि दोन्हींची एक घडी करून पिशवीत घातली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांच्या कहाण्या शेवटी विनवणी करतात, की वस्तू जपा, आम्हांला अडगळीत टाकू नका. मला खुशाल टाका. माझी विनवणी निराळी आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण आज त्या क्लासांतून नंबर काढीत आहेत. उद्या तुम्ही टेबलाच्या आतल्या बाजूला बसाल. तिथून कोणाला तोंडी "जा, मी बघतो" म्हणालात, तर ते वाक्य पुढे भर कचेरीत, साहेबांसमोर, स्वतःच्या नावानिशी म्हणण्याची तयारी ठेवा. ती नसेल तर आधी अर्ज घ्या आणि त्या माणसाला घरी पाठवा.

आणि समोरच्या खुर्चीवर काही ठेवू नका.