लहूच्या छातीतली पिपाणी

मी एक जुनी औषधाची बाटली आहे, मित्रांनो. जाड काचेची, चपट्या अंगाची, बुचाची. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या हातात धरल्या की दबतात, औषध संपलं की कचऱ्यात जातात. त्यांना बाटली म्हणायला माझं मन धजत नाही. आमच्या वेळी पेशंट दवाखान्यात जायचा तो आपली बाटली घरून घेऊन, आणि औषध संपलं की तीच विसळून पुन्हा न्यायचा. एकेक बाटली एकेका घरात माणसासारखी नांदायची.

माझा जन्म काचेच्या भट्टीतला. तिथून मी आले काळाचौकीच्या एका चाळीत, गुणाजी आणि मालन यांच्या खोलीत. गुणाजी गिरणीत कार्डिंग खात्यात कामाला होता. तिथे कापूस पिंजला जातो. पाळी सुटून तो घरी आला की भुवयांवरसुद्धा कापूस असायचा. त्याचा मुलगा लहू जिन्यातच त्याच्या अंगाला लोंबकळायचा आणि दोघे मिळून पांढरे व्हायचे. चाळीत सगळेच खोकायचे. रविवारची सुटी भोगून सोमवारी कामावर गेलेल्या माणसांचा खोकला तर विचारू नका. त्यावर घरगुती उपाय गुळाचा. गुळाने घशातला कापूस खाली उतरतो, अशी सगळ्यांची खात्री होती. गुळाने भागलं नाही की मग माझी पाळी यायची.

दवाखान्यातले तात्या कंपाउंडर माझ्यात लाल औषध भरायचे. कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडून ती डिंकाने माझ्या अंगाला चिकटवायचे. एक खाच म्हणजे एक डोस. "जपून वापरता हो बाटली तुम्ही," असं ते मालनला म्हणायचे तेव्हा मला फार बरं वाटायचं. कौतुक कुणाला नको असतं?

आता लहूबद्दल सांगते. हा मुलगा एका जागी बसायचाच नाही. जेवताना दोन घास खाऊन उठायचा, गॅलरीत धावायचा, परत यायचा, बोलता बोलता दुसरंच काही बोलायला लागायचा. हाताला लागेल ते तोंडात घालायचा. बटण, चिंचोका, पेन्सिलीचं टोपण. अशा मुलांच्या स्वभावाला मोठे डॉक्टर एडीएचडी म्हणतात आणि त्यावर इलाजही करतात. चाळीत त्याला फक्त द्वाड म्हणत आणि पाठीत धपाटा घालत. पण मला तो आवडायचा. रिकामी असले की तो माझ्या तोंडावर फुंकर मारून आवाज काढायचा, आणि त्या घरात माझ्याशी खेळणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग गिरण्यांचा संप झाला. भोंगे थांबले. घरातले डबे एकेक करून रिकामे होत गेले, मालनच्या हातातल्या बांगड्या गेल्या. पण एक गोष्ट अशी झाली की जिची कुणी अपेक्षा केली नव्हती. बाप्या माणसांचा खोकला कमी झाला. गिरणीतला कापूस छातीत जायचा थांबला, आणि गुणाजी कित्येक वर्षांनी न खोकता जिना चढला. मी फळीवर रिकामी बसून होते.

त्याच दिवसांत चाळीतली मुलं मोर्चा-मोर्चा खेळत. लहू पुढारी. त्याच्याकडे जत्रेतली प्लॅस्टिकची पिपाणी होती. तिचा पुढचा तुकडा, ज्यातून आवाज निघतो, तो त्याने उपसून काढला होता आणि गालात ठेवला होता. घोषणा देत तो आमच्या दारासमोर आला, कुणीतरी त्याला गुदगुल्या केल्या, तो खदखदून हसला आणि हसता हसता त्याने जोरात श्वास आत ओढला. मी फळीवरून सगळं पाहिलं. त्याचा चेहरा काळानिळा पडला, डोळे बाहेर आले. मग ठसका लागला आणि जरा वेळाने श्वास परत आला. बाकीची पोरं तोवर पुढे पळाली होती.

लहू आत आला. मालन रेशनच्या तांदळातले किडे निवडत होती. गुणाजीला आदल्या दिवशी मोर्चात पोलिसांची लाठी बसली होती आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"आई, पिपाणी आत गेली."

"कुठे आत?"

"पोटात."

"मागे बटण गिळलंस तेव्हा काय झालं? पडलं ना सकाळी? हीपण पडेल. आता गप बस."

"पण आई, ती इथे आहे," असं म्हणून लहूने छातीवर बोट ठेवलं. मालनने वर पाहिलं नाही. कारण आदल्या आठवड्यात त्याने पोटात चिमणी असल्याचं सांगितलं होतं, आणि त्याच्या आधी नळातून साप आल्याचं. मी तिला पूर्ण दोष देत नाही. पण थोडा देते.

दुसऱ्या दिवसापासून लहू खोकायला लागला.

गुणाजी म्हणाला, "कापूस बसलाय त्याच्या घशात. लहानपणापासून माझ्या अंगाला चिकटतोय. गूळ दे त्याला." सगळी चाळ असंच म्हणाली. गिरणीवाल्याचं पोर, त्याला गिरणीचाच खोकला. बापांचा खोकला थांबलेला असताना पोराचा कसा सुरू होईल, हा साधा प्रश्न एकालाही पडला नाही. गूळ उसना आणून दिला, तो लहूने आनंदाने खाल्ला आणि पुन्हा खोकला.

पुढे तर आणखी वाईट झालं. लहू धावला की त्याच्या छातीतून 'पी' असा बारीक आवाज यायचा. पोरं हसायची, "लहू, वाजव ना!" आणि लहूही मुद्दाम धावून वाजवून दाखवायचा, कारण तेवढ्यापुरते सगळे त्याच्याकडे पाहायचे. शाळेत बाईंना वाटलं, हा खोड्या काढतोय. त्यांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. एकदा जेवताना आवाज आला तेव्हा गुणाजीने ताटावरच त्याच्या थोबाडीत मारली. "बंद कर ते वाजवणं! घरात काय चाललंय, तुला काय त्याचं?"

"मी नाही वाजवत, बाबा. ती वाजते."

मित्रांनो, मुलगा खरं तेच सांगत होता. मला ते माहीत होतं आणि मी काचेची होते. त्या दिवशी मला फुटून जावंसं वाटलं.

शेवटी मालन मला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी गर्दीत लहूच्या पाठीला नळी लावली. तो हलत राहिला म्हणून ती पटकन काढलीही. "गिरणगावात कोण खोकत नाही?" असं म्हणून त्यांनी तेच लाल औषध लिहून दिलं. पिपाणीचं मालन बोलली नाही. ती ते विसरून गेली होती.

त्या औषधाने गुंगी यायची. डोस घेतला की लहू भिंतीला टेकून बसायचा, मान खाली, हात मांडीवर. खोकला दबायचा आणि धावणंही. बाईंनी सांगून पाठवलं की आता मुलगा वर्गात शांत असतो. शेजारच्या जाईबाई मालवणच्या. त्या दारातून म्हणायच्या, "मालन, त्येका औषध दी गो. जरा गप तरी रवतलो." आणि मालन द्यायची. ती भोईवाड्यात धुणीभांडी करू लागली होती, गुणाजी गोदीत हमालीला जात होता. मुलगा घरात गप बसून राहिला तर त्यांना हवंच होतं. खोकला नसला तरी डोस, असं व्हायला लागलं. माझ्या अंगावरच्या खाचांचा हिशेब कुणी ठेवेना. तात्या एकदा म्हणाले, "परत आलात? पोराला मोठ्या इस्पितळात दाखवा हो." मालन "हो" म्हणाली आणि मला पिशवीत घालून घरी आली.

लहू वाळत गेला. त्याला ताप येऊ लागला, श्वासाला घाण वास येऊ लागला. जाईबाई म्हणाल्या, टीबी असेल. मग मात्र मालन घाबरली आणि त्याला परळच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. कुठलं औषध चालू आहे ते दाखवायला मलाही नेलं.

तिथे एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी छातीचा फोटो पाहिला, मला उजेडात धरून पाहिलं आणि मग काय केलं ठाऊक आहे? त्या लहूसमोर उकिडव्या बसल्या.

"तुला काय वाटतं रे, काय झालंय तुला?"

लहूने आधी आईकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "पिपाणी."

मालन ओशाळली. "तो काहीही सांगतो हो, डॉक्टर. त्याचं मनावर घेऊ नका."

"सांगू दे त्याला. कुठे आहे पिपाणी?"

लहूने छातीवर बोट ठेवलं. जिथे पहिल्या दिवशी ठेवलं होतं तिथेच. मालनला सगळं आठवलं, तांदूळ, किडे, सगळं. ती तिथेच फरशीवर बसली आणि "यानं सांगितलं होतं, मला सांगितलं होतं यानं," एवढंच म्हणत राहिली.

प्लॅस्टिक फोटोत दिसत नाही. घशातून नळी घालून त्यांनी तो तुकडा काढला. पण तो इतके महिने आत राहिल्याने फुप्फुसाचा खालचा भाग सडला होता. तो कापून टाकावा लागला. लहू वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लगेच आणला असता तर त्याच दिवशी खेळत घरी गेला असता. गुणाजीने ते ऐकलं आणि ज्या हाताने मारलं होतं तो हात कितीतरी वेळ खिशातच ठेवला.

संप कुणी मागे घेतला नाही आणि गिरणीही पुन्हा सुरू झाली नाही. मी आता मोरीच्या कट्ट्यावर असते. माझ्यात दिव्याचं रॉकेल भरतात. बूच कधीच हरवलं, तोंडाला कागदाचा बोळा आहे. त्याचं मला फारसं काही वाटत नाही.

मला वाटतं ते लहूचं. तो धावत नाही, त्याला दम लागतो. आणि तो बोलत नाही. सापाचं सांगत नाही, चिमणीचं सांगत नाही. चाळीतले लोक म्हणतात, "केवढा शहाणा झाला गुणाजीचा पोरगा!" बाईंनी वर्गात त्याचं नाव घेऊन कौतुक केलं. हे कौतुक ऐकलं की मालन आत येऊन पदराने डोळे पुसते.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या मजल्यावर असा एखादा मुलगा असेलच. सारखा उठणारा, सारखा बडबडणारा. त्याच्या दहा गोष्टी खोट्या निघतील, तरी अकरावी ऐका. त्याला हसू नका आणि गप करू नका. तुम्हाला कान आहेत आणि बोलताही येतं. मी तर नुसती बाटली.

मालन कामावरून आली की हातपाय न धुताच लहूशेजारी बसते. "सांग रे, आज काय काय झालं?" ती विचारते. वाट बघते. पुन्हा विचारते.

"काही नाही, आई," लहू म्हणतो.