सुटलेला गोटीराम

गांगुर्डे वकिलांकडे मी अकरा वर्षं कारकुनी केली. पाटीवर ‘के. बी. गांगुर्डे’ असं होतं. ‘के’ म्हणजे कचरू, हे नाशिकच्या कोर्टात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तोंडावर कोणी म्हणत नव्हतं. नाशिकरोडच्या बौद्ध वसाहतीतला हा माणूस गरिबांचे खटले फुकट चालवायचा आणि घर त्यांच्या बायकोच्या, सुमनबाईंच्या मास्तरकीवर चालायचं. बाररूममध्ये त्यांच्याबद्दल दोन मतं होती. एक, हा संत आहे. दोन, याला आमदार व्हायचंय. मी दोन्हींना मान डोलवायचो. मला विचाराल तर साहेब ना संत होते, ना पुढारी. त्यांना जिंकायला आवडायचं, आणि गरिबांच्या खटल्यांत जिंकण्यासारखं पुष्कळ पडून होतं, कुणी हातच न लावलेलं.

ब्याऐंशीच्या मे महिन्यात मोफत कायदा सल्ला समितीनं त्यांच्याकडे एका तालुक्याच्या सबजेलची यादी दिली. निकाल न लागता आत बसलेले कच्चे कैदी, एकूण तेवीस. शनिवारी दुपारी आम्ही तिथे गेलो. मी नाव पुकारायचं, माणसानं पुढे यायचं, साहेबांनी चार प्रश्न विचारायचे, मी वकीलपत्रावर अंगठा घ्यायचा. तेवीस झाले. तरी कोपऱ्यात भिंतीला टेकून एक जण बसलेलाच होता. केस पांढरे, अंग काटकुळं.

“तुझं नाव काय रे?” साहेबांनी विचारलं.

“गोटीराम.”

यादीत गोटीराम नव्हता. मी दोनदा पाहिलं.

“तो कैदी नाय, साहेब,” सहादू हवालदार म्हणाला. “तो सुटलेला हाय.”

“सुटलाय तर आत काय करतोय?”

सहादूनं टोपी काढली, परत घातली. “तेच तर.”

सहादू तिथे पंधरा वर्षं होता. त्यानं कचेरीत नेऊन त्र्याहत्तर सालचं रजिस्टर काढलं. गोटीराम, राहणार करंजपाडा, पेठकडचा. जंगलातला साग तोडल्याचा आरोप. ऑगस्टमध्ये जातमुचलक्यावर सुटका. समोर अंगठा.

“फाटक मी उघडलं,” सहादू म्हणाला. “रस्त्याला लागेपर्यंत त्याच्याकडं बघत होतो. गेला. आत आलो तर हा बराकीत निजलेला, अंगात ताप. मोजणीत एक जास्त.”

“वर कळवलं नाहीस?”

“काय कळवू? सोडायचा हुकूम बजावून झालेला. त्यावर अंगठा. बजावलेला हुकूम परत कसा बजावणार? दुसरा मागावा तर विचारतील, पहिल्याचं काय केलं. पहिला तर बरोबर बजावला होता, साहेब. गेलाच होता तो.”

नऊ वर्षांत तिथे पाच अधिकारी बदलले. प्रत्येकानं चार्ज घेताना बादल्या, कंदील, घोंगड्या लिहून घेतल्या आणि गोटीराम तोंडी घेतला. तेवीस जणांच्या भाकरीत चोविसावा जेवत होता आणि कुणाच्या पोटाला ते कळत नव्हतं.

“आणखी एक हाय,” सहादू हळूच म्हणाला. “पण ते तुमच्या कागदात बसायचं नाय. भाताच्या आवणीच्या दिवसांत सकाळी ह्याच्या पायाला चिखल असतो. गुडघ्यापर्यंत.”

“नळ गळत असेल.”

“नळ नाय इथं. विहीर हाय, ती फाटकाबाहेर.”

साहेबांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. त्यांना चेहऱ्यावरून मी ओळखतो. असा खटला वकिलाच्या जन्मात एकदा येतो, हे त्यांच्या मिशीवर दिसत होतं. मी गोटीरामचा अंगठा घेतला. विळ्याचा एक तिरका व्रण बरोबर मधून गेला होता. माणसांचे चेहरे मी विसरतो, अंगठे विसरत नाही.

जूनमध्ये आम्ही त्याच्या बायकोचं प्रतिज्ञापत्र घ्यायला निघालो. पेठच्या गाडीनं घाट चढून पुढे दोन तास पायी. करंजपाडा म्हणजे अकरा घरं. एका घरापुढे सातेक वर्षांची पोरगी कोंबडीच्या मागे होती.

“गोटीरामचं घर कुठलं गं?”

“हेच. बा हाय ना घरात.”

आतून एक माणूस आला. हातात अर्धवट वळलेली दोरी. चेहरा तोच. फक्त हा तिशीतला, काळ्याभोर केसांचा, भरल्या अंगाचा. त्यानं हसून घोंगडी अंथरली.

“तू गोटीरामचा धाकटा भाऊ का?” साहेबांनी विचारलं.

“मीच गोटीराम.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे. बाकीच्या दहा घरांना कवाडं होती, इथे नुसती चौकट होती. मी शाईचा डबा काढला. सरकारी काम आहे म्हटल्यावर त्यानं मुकाट अंगठा दिला. मी पिशवीतून जेलमधलं वकीलपत्र काढून शेजारी धरलं. रेघ न् रेघ तीच. मधला तिरका व्रणसुद्धा.

साहेबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. “एका रक्ताच्या माणसांत साम्य असतं, मोतीराम.”

“विळा पण एकाच जागी लागतो का, साहेब?”

“कागद पिशवीत ठेव.”

त्याची बायको नवसाबाई आम्हाला पायवाटेपर्यंत पोचवायला आली. घर दिसेनासं झालं तशी थांबली.

“तुम्ही त्याला बघून आलात ना?”

“कुणाला, बाई?”

“तिथल्याला.”

तिला ठाऊक होतं. सुटकेनंतरच्या पहिल्या दिवाळीला ती नवऱ्याची राहिलेली घोंगडी आणायला एकटीच जेलला गेली होती. गजाआड नवरा बसलेला. ती तशीच उलटी फिरली. घरी आली तर नवरा बैलाला पाणी दाखवत होता.

“मी कुणाला बोलली नाय,” ती म्हणाली. “ह्याला पण नाय. आला त्याच दिवशी ह्यानं कवाड उपटलं. बंद दार सोसत नाय म्हनतो. नऊ वर्षांत दुखणं नाय, केस पिकला नाय. ही पोर ह्याची. साहेब, तिथल्याला हलवू नका. हलवला तर हा राहायचा नाय.”

“बाई, तिथे एक माणूस विनाकारण कोंडलाय.”

“मंग मी काय सुखानं जेवते व्हय? पण दोन्ही मागितले तर एक पण हाती लागायचा नाय, असं वाटतं मला.”

परतताना स्टँडवर चहा समोर आल्यावर साहेब म्हणाले, “अडाणीपणा आहे सगळा.” पण चहा तसाच राहिला त्यांचा.

अशिलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हा साहेबांचा नेम. म्हणून पुढच्या शनिवारी त्यांनी जेलमध्ये गोटीरामला सरळच सांगितलं, तुझ्या घरी तुझ्या नावानं एक जण राहतोय. मला वाटलं हा आता भिंतीवर डोकं आपटून घेईल. तो नुसता पुढे सरकला.

“नागलीचं रोप टाकलं का त्यानं?”

मीच म्हटलं, “टाकलंय.”

“पोर हाय म्हनतात. केवढी?”

“माझ्या कमरेएवढी.”

“नवसा हसती का?”

तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. मी ‘हसते’ म्हणालो.

“मंग राहू द्या, साहेब,” गोटीराम म्हणाला. “आमच्यातला एक घरी हाय ना. कशाला हात लावता.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “साहेब, अशील नको म्हणतोय. बायको नको म्हणतेय. मग आपण हा खटला कुणासाठी चालवतोय?”

“तो नाही म्हणत, मोतीराम. त्याच्या तोंडून तुरुंग बोलतोय. नऊ वर्षं कोंडलेला माणूस दुसरं काय म्हणणार?”

वाक्य चांगलं होतं. साहेबांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण सोमवारी हायकोर्टाला पाठवायच्या पत्रात त्यांनी ते तसंच सांगितलं आणि मी टाइप केलं. साधं पत्रही हायकोर्ट अर्ज म्हणून धरायला लागलं होतं, असा तो काळ. बायकोला काय वाटतं ते पत्रात नव्हतं. करंजपाड्यात घेतलेला दुसरा अंगठाही नव्हता. तो माझ्या पिशवीतच राहिला.

जुलैअखेर हुकूम आला, ताबडतोब सोडा. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यात साहेबांचं पूर्ण नाव होतं आणि गोटीरामचं ‘एक आदिवासी’ एवढंच. बाररूममध्ये दोघांनी साहेबांना हार घातला. आमदारकीवाल्या मताचेच दोघे.

गुरुवारी दुपारी बाराला सहादूनं नवं रजिस्टर उघडलं, अंगठा घेतला, फाटक उघडलं. गोटीराम उंबऱ्याशी येऊन थांबला. पाय आत, नजर बाहेर. मिनिट गेलं, दोन गेली.

“चल रे,” साहेब म्हणाले. “तुझंच आहे आता सगळं.”

तो हलेना. शेवटी साहेबांनी त्याचा हात धरला आणि ओढला. जोरानं नाही, लग्नात पाहुण्याला पंगतीला ओढतात तेवढाच. तो बाहेर आला. पेठच्या गाडीत आम्ही त्याला खिडकीशी बसवलं, तिकीट हातात दिलं, कंडक्टरला उतरायची जागा दोनदा सांगितली.

सोमवारी सकाळी कचेरी उघडायला गेलो तर पायरीवर नवसाबाई बसलेली, शेजारी पोरगी. साहेब आले तरी ती उठली नाही.

“आला नाय,” ती म्हणाली.

“कोण आला नाही?”

“कोनीच.”

मग तिनं सांगितलं. गुरुवारी आवणी चालू होती. दहा-बारा माणसं ओळीनं वाकलेली, हा मधोमध. सूर्य डोक्यावर आला आणि हा एकाएकी उभा राहिला. रोपाची मूठ खाली पडली. कुणीतरी हात धरून ओढावं तसा हात पुढे करून चालायला लागला. हाक मारली, वळला नाही. चिखलात पावलं होती अर्ध्या खाचरापर्यंत. पुढे पाणी आणि रोपं, एक रोप वाकलेलं नाही.

“मला वाटलं, हा गेला म्हनजे तो येईल,” ती म्हणाली. “त्याच्यासाठी भाकर टाकली. तीन दिस टाकली.”

मी धावत स्टँडवर गेलो. तो कंडक्टर सापडला. माणूस चढल्याचं त्याला आठवत होतं. घाटाच्या वर तिकिटं तपासली तेव्हा खिडकीशी नुसतं तिकीट पडलेलं होतं. गाडी मधे थांबली नव्हती. मी परत आलो तोवर साहेबांनी दोघींना आत बसवलं होतं; मी हे सांगितलं. साहेब नवसाबाईकडे वळले.

“पोलिसांत तक्रार देऊ आपण, बाई.”

“पोलिसांकडं एक होता, साहेब. तो तुमी सोडवला.”

ती हे रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. पोरगी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होती.

“जेलावरचा हवालदार म्हनला, कोंडलेलं मानूस हजर करायचा कागद तुमी करता,” नवसाबाई पुढे म्हणाली. “माझा करा. दोघातला एक द्या मला. कुठला पन चालंल. म्हातारा पन चालंल.”

साहेबांनी टाइपरायटरवरचं झाकण काढलं. मग म्हणाले, “मोतीराम, कागद लाव.”

मी लावला. अर्जदार, नवसाबाई, राहणार करंजपाडा. सामनेवाले, इथवर येऊन मी थांबलो. असल्या अर्जात ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याचं नाव घालावं लागतं.

“सामनेवाले कोण घालू, साहेब?”

त्यांनी उजवा हात उलटा करून पाहिला, जणू त्यावर काही लिहिलं होतं.

“कचरू भिवाजी गांगुर्डे,” ते म्हणाले. “वकील, नाशिक.”

“साहेब, लोक हसतील.”

“टाइप कर. शेवटी तो माझ्याच हातात होता.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून मी ते पूर्ण नाव ऐकत होतो. मी टाइप केलं. नवसाबाईला काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. ती लक्ष देऊन ऐकत होती, नावाशी आल्यावर तिनं साहेबांकडे एकदा पाहिलं, आणि मान हलवली. अंगठा दिला. मग पोरीला जवळ ओढून घेतलं आणि साहेबांना विचारलं,

“तारीख कधीची?”