खुंटीवरची टोपी

बाबा विमानांचे मेकॅनिक. काम अर्धवट राहिलं की ते आपली निळी टोपी कॉकपिटमधल्या, विमान वरखाली वळवायच्या दांड्यावर अडकवून यायचे. टोपी दिसली की विमान सोडायचं नाही, हे विमानं दुरुस्त होतात त्या हँगरमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. नियमाप्रमाणे अर्धवट कामाचं लाल कार्ड भरून द्यायला हवं. पण कार्डाला वीस मिनिटं लागत, आणि टोपीने कधी दगा दिला नव्हता. ही गंमत बाबा घरी नेहमी सांगायचे.

त्या रात्री शेपटीतल्या एका बोल्टची, तो निसटू नये म्हणून लावायची पिन स्टोअरमध्ये नव्हती, सकाळी येणार होती. बाबांनी बोल्ट तसाच बसवला, टोपी अडकवली आणि रात्रपाळी संपवून घरी येऊन झोपले.

सकाळी नऊच्या सुमारास दार वाजलं. बाबांना भाऊ मानणाऱ्या सफाईच्या मावशी. आठवड्यापूर्वीच त्यांची हँगरमध्ये बदली झाली होती. हातात टोपी.

"एक दिवस डोकंही विसरून येतील तुझे बाबा," त्या म्हणाल्या. "उठवू नकोस हं, झोपू दे."

मी उठवलं नाही. टोपी खुंटीला लावली. तिचा अर्थ मला माहीत होता. डोक्यात आलंच नाही.

तिकडे टोपी नाही, कार्डही नाही, म्हणून सुपरवायझरने सही केली. वैमानिकाला दांडा जड लागला. पण तशी तक्रार विमानाच्या नोंदवहीत आधीही दोनदा होती, आणि दोन्हींपुढे 'तपासले, ठीक' असा शेरा. दुपारी विमान उडालं. एकशे बारा माणसं होती, एकही वाचलं नाही.

बाबा उठून खुंटीसमोर उभे राहिले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

चौकशीत त्यांनी टोपीचं नावही काढलं नाही. मला म्हणाले, "ठेवली होती म्हटलं की उचलली कुणी, ते विचारतील. त्या बाईने भल्यासाठीच केलं. कार्ड मी भरलं नाही, तेवढं पुरे." सुपरवायझरही गप्प राहिले. टोपी बघून सह्या करतो, हे कोण सांगणार?

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. अंतिम अहवालात दोषी म्हणून त्यांचं एकट्याचं नाव येणार आहे. घरच्यांना काही म्हणायचं असेल तर उद्यापर्यंत लेखी द्या, असं पत्र आलं. मी तीन पानं लिहिली. सही तेवढी राहिली होती, तेवढ्यात मावशी भेटायला आल्या.

चहा घेता घेता त्यांची नजर खुंटीकडे गेली.

"अजून तिथंच आहे होय?" त्या म्हणाल्या. "लोक भाऊंना काय काय बोलतात, पोरी. मला ऐकवत नाही. मग वाटतं, चला, माझ्या हातून त्यांचं एक तरी काम नीट झालं."

पानं त्यांच्या कोपरापाशी होती. मी ती पालथी घातली.

"हो मावशी," मी म्हणाले. "बरं केलंत."

त्या गेल्यावर मी पानं पुन्हा उलटली. मावशींचं नाव पाच ठिकाणी होतं. मी टोपी खुंटीला लावली, हे कुठेच नव्हतं.

सही केली नाही.