डोरीनचं मत

"उत्तरं मी देतो, लिहा," रेमंड टर्नबुल दारातच म्हणाला आणि चौकट धरून दम खाऊ लागला. नाकाला लावलेली ऑक्सिजनची नळी त्याच्यामागे घरभर लोळत होती.

लिन स्टोबार्टने टॅबलेट उघडला. इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावाच्या गल्ल्यांतून सर्वेक्षणासाठी लोकांची मतं गोळा करत ती बावीस वर्षं हिंडत होती. खिडकीचे पडदे आणि दारातली गाडी पाहून ती माणसाची निम्मी उत्तरं आधीच ओळखायची. सहसा चुकायची नाही.

"घरात मोठी माणसं किती?"

"दोघं. मी आणि माझी बायको, डोरीन."

"सगळ्यांत अलीकडे वाढदिवस कुणाचा झाला?"

"तिचा. गेल्या मंगळवारी."

"मग उत्तरं त्यांनीच द्यायची. ज्याचा वाढदिवस अलीकडचा, त्यालाच विचारायचं, असा नियमच आहे."

"अहो बाई, एकावन्न वर्षांचा संसार आहे. माझं जे मत, तेच तिचं."

"असेल. पण मला त्यांच्या तोंडून हवंय."

रेमंड हसला आणि हसता हसता खोकला. "डोरीन! देशाला तुझा सल्ला हवाय!"

डोरीन स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तिने लिनला टेबलाशी बसवलं. रेमंड बाहेरच्या खोलीत टीव्हीवर घोड्यांची शर्यत बघत बसला. मधलं दार त्याने उघडंच ठेवलं.

"परदेशांतून इथे राहायला येणाऱ्यांची संख्या वाढावी, कमी व्हावी की आहे तेवढीच राहावी?"

"कमी!" बाहेरून आवाज आला.

"आहे तेवढीच," डोरीन म्हणाली. "आणि तू तुझे घोडे बघ."

"क्लबात कुणाला कळलं, तर मला बिअर पाजणार नाहीत."

"बरंच होईल. डॉक्टरही तेच सांगतात."

डॉक्टरांची वेळ मिळायला किती दिवस लागतात, यावर मात्र दोघंही एका सुरात वैतागली. लिन भराभर खुणा करत गेली. मग पुढचा प्रश्न आला. तो तिने नेहमीसारखाच, आवाजात चढउतार न आणता वाचला.

"बरा न होणारा आजार असलेल्या माणसाची इच्छा असेल, तर डॉक्टरांच्या मदतीने आयुष्य संपवायला कायद्याने परवानगी असावी का?"

"तो सोडून द्या, बाई," रेमंड म्हणाला. "तो विषय काढला की ती उठून भांडी घासायला लागते."

लिनचं बोट 'सांगता येत नाही'च्या चौकोनावर गेलंही होतं.

डोरीन उठली नाही. तिने सुरी खाली ठेवली.

"माझा पाठिंबा आहे."

"ठाम, की काही प्रमाणात?"

"ठाम."

बाहेरचा टीव्ही बंद झाला. जरा वेळाने रेमंड दारात येऊन उभा राहिला.

"कधीपासून?"

"मार्चपासून. जिना चढताना चौथ्या पायरीवर अर्धा तास बसून होतास ना, त्या दिवसापासून."

"मी इतक्यांदा विषय काढला. बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? हो म्हटलं असतं, तर तुला वाटलं असतं, ही कंटाळली माझ्या दुखण्याला."

रेमंडने डोरीनच्या शेजारची खुर्ची ओढली, नळी पायात येऊ नये म्हणून बाजूला केली आणि बसला. डोरीनचे हात बटाट्याच्या पाण्याने ओले होते. त्याने त्यातला एक आपल्या हातात घेतला.

कुठल्या घरातून कधी उठायचं, हे लिनला बरोबर कळायचं. तिने टॅबलेट मिटला.

"मी निघते. एवढं पुरे."

"अजून किती राहिलेत?" रेमंडने विचारलं.

"सहा."

"मग विचारा की. मी मधे बोलणार नाही."

लिनने डोरीनकडे पाहिलं. डोरीनने होकारार्थी मान हलवली.

पुढचा प्रश्न रस्त्यांवरच्या खड्ड्यांचा होता. डोरीनला त्याबद्दल बरंच काही म्हणायचं होतं. रेमंड शेवटपर्यंत ऐकत राहिला.