पाठीवरची मोकळी जागा

दुकानातल्या खुंटीवर टांगलेली ही काळी लोकरी शाल दिसतेय ना, ती मी. आमच्या कोइंब्रा या विद्यापीठाच्या गावात मला कापा म्हणतात. नाव कापा असलं, तरी मला कात्रीने कापायची सक्त मनाई आहे. विद्यार्थ्याच्या खांद्यावर गेले की मला फाडायचं असतं, तेही दातांनी आणि हातांनी, आणि फाडणारं माणूस आपलं असावं लागतं. डावी कड घरच्यांनी फाडायची, उजवी मित्रांनी आणि पाठीची मधली जागा ज्याच्यावर जीव जडलाय त्याने. मला धुवायचंही नसतं. धुतलं तर विद्यापीठातले दिवस वाहून जातात अशी इथल्या पोरांची समजूत आहे, आणि थंड पाण्याचा मला तिटकारा असल्यामुळे ती मला सोयीची वाटते.

माझा जन्म टेकडीच्या पायथ्याशी, एवारिस्तो मास्तरांच्या दुकानात झाला. विद्यापीठ वर टेकडीवर, आम्ही खाली. पस्तीस वर्षं मास्तर विद्यार्थ्यांच्या कापा शिवत आले, पण स्वतः कधी त्या पायऱ्या चढून वर गेले नाहीत. चौथीत शाळा सुटलेला माणूस. "आपलं काय काम तिथे?" म्हणायचे.

कायद्याच्या एका मुलाने माप दिलं, मी तयार झाले आणि तो मुलगा मला न्यायला आलाच नाही. त्याचं काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. सहा वर्षं मी काचेमागे टांगून होते. माझ्यानंतर शिवलेल्या मिरवत टेकडीवर गेल्या आणि माझा एक खांदा उन्हाने विटला. त्या दिवसांत मी फार चिडचिडी झाले होते, हे कबूल करते.

मला खाली उतरवलं ते मास्तरांच्या बायकोने, फेलिझमिनाने. वय चोपन्न, एकुलती लेक लक्झेंबर्गला नोकरीला. तेवीस वर्षं ती विद्यापीठाच्या खानावळीत कोबीचं सूप वाढत होती. मोठ्या वयाच्या लोकांसाठी एक वेगळी प्रवेशपरीक्षा असते. ती तिने कुणाला न सांगता दिली आणि इतिहासाच्या वर्गात तिचं नाव लागलं.

"कुणासाठी नेतेस ती?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

"फेलिझमिना, लोक हसतील."

"हसू देत. तेवीस वर्षं वाढलंय त्यांना. थोडं हसले तर कुठे बिघडलं?"

मी तिला लांब होत होते. मास्तरांनी तोंड वाकडं करत का होईना, माझी कड दुमडून दिली. कामात हयगय करणं त्यांना जमतच नसे.

पहिल्या तासाला ती मला पांघरून वर्गात शिरली, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मावशी, तुम्ही इथे? मग सूप कोण बघतंय?" सगळा वर्ग हसला.

"सूप साडेअकराला मिळेल," फेलिझमिना म्हणाली. "आत्ता जरा सरकून बस, मला फळा दिसत नाहीये."

आवाज खणखणीत होता. पण घडीआड तिने माझा काठ मुठीत पिळून धरला होता, ते फक्त मला कळलं. खानावळीत येणारं प्रत्येक पोर तिला ओळखत होतं, पण पळी खाली ठेवल्यावर आपण कोण उरतो, हे तिला स्वतःलाच बघायचं होतं. हे ती मला सांगायची. कापा ऐकून घेते आणि मधे बोलत नाही, म्हणून असेल.

शेजारी बसायची ती बेनेदिता, अठरा वर्षांची, समुद्रापलीकडच्या बेटांवरून आलेली. फेलिझमिना तिला म्हणाली, "कापा घातली की सगळे सारखे असं तुम्हीच म्हणता ना? मग मला अगं-तुगं कर." बेनेदिताची जीभ काही वळेना. "अहो... अगं... मावशी!" असं चार महिने चाललं. मग मध्ययुगाच्या परीक्षेचा निकाल लागला आणि ती यादीसमोरून धावत आली. "अगं फेलिझमिना, पास झालीस तू! वीसपैकी चौदा मिळालेत!" आणि विचारलंसुद्धा नाही, माझ्या उजव्या कडेला दात लावून तिने मला टरकन फाडलं.

दुखलं? नाही. सहा वर्षं वाट बघितली होती मी त्याची. फेलिझमिना तिथेच जिन्यावर बसून रडली आणि मग वेळ झाली म्हणून सूप वाढायला गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला रफू केलं.

"हे काय केलंस?" तिने विचारलं.

"फाटलं होतं, शिवलं. कुठे ते शोधून दाखव."

तिने कडेवरून दोनदा बोट फिरवलं. "नाही सापडत."

"बघ," मास्तर खुशीत म्हणाले.

"एवारिस्तो, बेनेदिताची खूण होती ती. पुसून टाकलीस तू."

"शिंप्याची बायको फाटकं घालून हिंडते म्हणून मला बोलणी बसतात."

"पोरांच्या फाटक्या कापा रोज बघतोस. त्या कुणी न सांगता शिवल्यास कधी?"

"ती पोरं आहेत."

"आणि मी?"

मास्तरांनी सुईत नवा दोरा ओवला. पुढच्या परीक्षेला बेनेदिताने मला पुन्हा फाडलं, मास्तरांनी पुन्हा शिवलं. तिसऱ्यांदाही तेच. माझ्या उजव्या कडेची चाळण व्हायची वेळ आली. शेवटी एका रविवारी हातातली सुई खाली ठेवून ते म्हणाले, "पदवी घेतलीस की माझ्याशी काय बोलशील तू? बटणांविषयी?"

"भीती वाटते तुला?"

"वाटते."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "पण मी थांबणार नाहीये. ही डावी कड बघ. घरच्यांची. ती मी कोरी ठेवलीय. तू वर येशील आणि वर्गासमोर फाडशील, तोवर ती तशीच राहील."

त्यानंतर त्यांनी उजवी कड शिवली नाही. पण वरही आले नाहीत. दुसरं वर्षही तसंच गेलं. तिच्या वर्गातल्या सगळ्यांच्या डाव्या कडा फाटल्या, माझी तशीच राहिली, आणि ती दर परीक्षेआधी तिच्यावरून अंगठा फिरवत राहिली.

तिसऱ्या वर्षी मोठा निबंध लिहायचा होता. फेलिझमिनाने मास्तरांची मापांची वही मागितली. पस्तीस वर्षांचे खांदे, छात्या आणि उंच्या त्यात होत्या. आधी कुरकुर झाली. मग रोज जेवणानंतर दोघं वहीवर वाकून बसायला लागले. ती विचारायची, ते सांगायचे. तिने सगळं लिहून काढलं आणि तळटीपेत त्यांचं पूर्ण नाव घातलं.

निबंध वाचून दाखवायच्या दिवशी वही बरोबर न्यायची होती. "माझी वही मी एकटी पाठवणार नाही," मास्तर म्हणाले आणि कोट चढवला. वहीचं निमित्त दोघांनाही पुरलं. ती वही काखेत धरून ते त्या सगळ्या पायऱ्या चढले, चार वेळा थांबून.

वर्गात ते शेवटच्या बाकावर बसले. निबंध झाला. प्राध्यापक बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तिसऱ्या वर्षापर्यंत विद्यार्थ्याचा एक खांदा उतरतो असं लिहिलंय. कशावरून?"

उत्तर फेलिझमिनाला पाठ होतं. ती म्हणाली, "ज्यांनी मोजलंय ते मागे बसलेत."

"मग मास्तर, तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या.

खाली गल्लीत शिंप्याला सगळेच मास्तर म्हणतात. पण तिथे, फळ्यासमोर, तो शब्द ऐकून त्यांचे कान लाल झाले. ते उठले. दप्तर कुठल्या खांद्यावर घेतात, वजन कुठे पडतं, पुन्हा माप द्यायला आलेल्या पोरांची पाठ कशी बदललेली असते, सगळं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "बाईंचाही उजवा खांदा सेंटिमीटरभर वर आहे. राग मानू नका." वर्ग हसला, बाई सगळ्यांत जास्त.

बाहेर अंगणात फेलिझमिनाने माझी डावी कड त्यांच्यापुढे धरली. बेनेदिता आणि बाकीचे भोवती उभे होते.

मास्तरांनी कड हातात घेतली, बघितली आणि सोडून दिली.  

"ही लेकीची," ते म्हणाले. "ऑगस्टमध्ये लक्झेंबर्गहून आली की ती फाडेल."

आणि त्यांनी तिला दोन्ही खांद्यांना धरून वळवलं. तिची पाठ त्यांच्याकडे झाली. मग पस्तीस वर्षं लोकांच्या कडा टाचताना बसत आले तसे ते गुडघ्यावर बसले आणि माझ्या पाठीचा मधला काठ त्यांनी दातात धरला. पहिल्यांदा जमलं नाही. "दात आता पूर्वीचे राहिले नाहीत," ते पुटपुटले. कुणी हसलं नाही. दुसऱ्यांदा मी फाटले, चांगली वीतभर.

फेलिझमिना वळली नाही. तिने फक्त हात मागे केला आणि मास्तरांनी तो धरला.

जुलैत तिला पदवी मिळाली, ऑगस्टमध्ये डावी कडही फाटली. ती अजून सूप वाढते आणि पुढच्या अभ्यासाला तिने नाव घातलंय. मी पुन्हा दुकानातच असते, पण आता काचेमागे नाही, मास्तरांच्या मशीनशेजारी. रोज संध्याकाळी ते मला ब्रश करतात. पाठीवरच्या फाटीतून सुटलेले धागे दिसले की त्यांचा हात सवयीने कोटावरच्या सुईकडे जातो आणि परत खाली येतो. माझं एवढंच मागणं आहे, की त्यांचा हात असाच परत येत राहावा. आणि मला कुणी धुऊ नये.

प्रेम मोडलं की मधली फाट काळ्या दोऱ्याने शिवून घ्यायची, अशी इथली रीत आहे. परवा एक मुलगी डोळे सुजवून आली. मास्तरांनी तिची फाट शिवून दिली, नेहमीसारखी, न दिसेल अशी. जाताना तिची नजर माझ्याकडे गेली.

"मास्तर, ही शिवायची राहिली वाटतं."

"नाही गं," मास्तर म्हणाले. "ती नाही शिवायची."