लाल रेघेच्या पुढे

फुसाए तात्सुमीने मंत्र्यांच्या हातातला कागद ओढून घेतला आणि शेवटच्या ओळीखाली लाल रेघ मारली.

"इथे थांबायचं, साहेब. याच्यापुढे तोंड उघडायचं नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मत्स्योद्योगमंत्री इसोमुरा चष्मा पुसत म्हणाले.

"बाळ परवडलं. त्याच्यामागे पत्रकार लागत नाहीत."

सत्तावीस वर्षं ती त्यांची सचिव होती. सहा निवडणुकांनंतर एकदाचं मंत्रिपद मिळालं, आणि चार महिन्यांत जिभेपायी दोनदा जाहीर माफी मागून झाली. आज संसदेच्या समितीत प्रश्न होता त्यांच्याच गावच्या बंदराचा. त्सुनामीनंतर तिथे तीन मजली उंच भिंत उभी राहिली होती. आता घरांतून समुद्र दिसेना; कोळी गाव सोडून चालले होते. कागदावर उत्तर होतं : भिंत रहिवाशांच्या संमतीने बांधली.

समितीपुढे इसोमुरांनी ते शब्दन् शब्द वाचलं. मागे बसलेल्या फुसाएने सुस्कारा सोडला.

विरोधी पक्षाच्या कावानाबेबाई उठल्या.

"संमती? सही केली नाही तर नवं घर मिळणार नाही, असं लोकांना धमकावलं होतं. कुणी? सह्या गोळा करणाऱ्यांना साक्षीला बोलवा."

इसोमुरांनी वळून पाहिलं. फुसाएची मान खाली होती. इतक्या वर्षांत तिने त्यांची नजर कधी चुकवली नव्हती.

ते उभे राहिले. मग कागद घडी करून खिशात घातला.

"कुणाला बोलवायची गरज नाही. मीच तसं सांगायला लावलं होतं."

एकच गलका झाला.

बाहेर येताच फुसाए कडाडली, "सत्तावीस वर्षं घासून एक मंत्री उभा केला, तो तुम्ही अर्ध्या मिनिटात आडवा केलात! तुम्हाला तर यातलं काही ठाऊकही नव्हतं."

"आत्ता कळलं. घरं लवकर मिळावीत म्हणूनच केलंत ना?"

ती म्हणाली, "नाही. निवडणुकीआधी काम दिसावं म्हणून."

तेवढ्यात पक्षाच्या मुख्यालयातून फोन आला. इसोमुरा तो कानाला लावून, "हो, राजीनामा आजच देतो," म्हणत खिडकीकडे वळले.

कावानाबेबाई लिफ्टपाशी उभ्या होत्या. फुसाए तरातरा तिकडे गेली, कमरेतून वाकली आणि ताठ होत म्हणाली,

"नाव लिहून घ्या. तात्सुमी. दारोदार मी गेले होते."